परतीची वाट आधी: डीबीएच्या कामाविषयी

डेटाबेसमध्ये बदल करण्यासाठीचा अर्ज माझ्याकडे मंजुरीला आला, की मी तो शेवटाकडून वाचायला घेते. काय बदलायचे आहे, कशासाठी आणि किती वेळ लागेल, हे सगळे वर सविस्तर लिहिलेले असते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. अगदी खाली ‘बदल फसल्यास काय करणार’ असा एक रकाना असतो आणि त्यात हमखास एकच वाक्य भेटते: ‘बॅकअपवरून रिस्टोअर करू.’ हा बॅकअप कधीचा आहे, कुठे ठेवला आहे, तो परत आणायला किती तास लागतील आणि तोपर्यंत काउंटरसमोर उभ्या असलेल्या खातेदाराला शाखेतल्या कर्मचाऱ्याने काय सांगायचे, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या वाक्यात उत्तर नसते. मग तो अर्ज परत जातो आणि ‘या मॅडम कामे अडवतात’ असे माझ्याविषयी बोलले जाते. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही.

सहकारी बँका आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर चालवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी प्रशासक, म्हणून काम करते. आमच्याकडे डेटाबेस म्हणून मुख्यतः ओरॅकल आहे, नवी कामे पोस्टग्रेसवर होतात आणि कुठे कुठे मायएसक्यूएलही आहे. या पेशात येऊ पाहणारे तरुण मला ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ची यादी मागतात. तशा याद्या भरपूर मिळतात आणि त्यांतले बहुतेक सल्ले योग्यच असतात. पण माझ्या मते त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच शिस्त आहे. पाऊल टाकण्याआधी परतीची वाट ठरलेली हवी आणि त्या वाटेने कुणीतरी आधी जाऊन आलेले हवे. यातला दुसरा भाग लोक सोडून देतात.

रिस्टोअरचा हिशेब साधा आहे, तरी तो मांडलेला क्वचित दिसतो. समजा डेटाबेस दोन टेराबाइटचा आहे आणि बॅकअप जिथून वाचायचा ती साठवण सेकंदाला २०० मेगाबाइट देते. नुसत्या फाइली जागेवर यायलाच दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या वर वेळ लागतो. पूर्ण बॅकअप रविवारी झालेला असेल आणि बिघाड गुरुवारी दुपारी झाला असेल, तर मधल्या चार दिवसांचे बदल, रोजचे वाढीव बॅकअप असतील तर त्यांतून आणि पुढचे आर्काइव्ह लॉगमधून, म्हणजे डेटाबेसने बदल नोंदून ठेवलेल्या फाइलींतून, क्रमाने त्यावर चढवावे लागतात. त्या लॉगच्या साखळीतली एक कडी गायब असेल तर डेटाबेस त्या कडीपाशीच थांबतो आणि पुढचे सगळे लॉग सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरतात. त्यामुळे बँकेच्या व्यवस्थापनाला मी दोनच प्रश्न विचारते: किती मिनिटांचे व्यवहार गेले तर तुम्हाला चालेल, आणि किती वेळ बंद राहिलेले चालेल? दोन्हींचे पहिले उत्तर ‘शून्य’ असेच येते. त्या शून्याचा खर्च कागदावर मांडून दाखवला, की दुसरे आणि खरे उत्तर मिळते. आमच्या धंद्यात या दोन आकड्यांना आरपीओ आणि आरटीओ म्हणतात, आणि ते ठरवायचे काम डीबीएचे नसून संचालक मंडळाचे आहे, हे एकदा लेखी करून घेतलेले बरे असते.

रिस्टोअरचा सराव आम्ही ठरावीक मुदतीने वेगळ्या मशीनवर करतो आणि तो मुद्दाम अशा व्यक्तीकडून करवून घेतो, जिने त्या बँकेची मांडणी स्वतः केलेली नाही. हातात फक्त बॅकअप आणि लिहून ठेवलेली कृती. पहिल्या सरावात बहुधा बॅकअप चांगला निघतो आणि अडचण त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींची होते. ओरॅकलमध्ये माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवलेली असेल, तर ती उघडणारी किल्ली ज्या वॉलेटमध्ये असते ते वॉलेट आरमॅन या ओरॅकलच्या साधनाने घेतलेल्या बॅकअपमध्ये येत नाही; ते वेगळे जपावे लागते आणि बॅकअपच्या शेजारीच ठेवले तर कुलपाला किल्ली लटकवून ठेवण्यासारखे होते. कधी जुन्या सर्व्हरवरचे डिस्कचे मार्ग नव्या मशीनवर नसतात, कधी पासवर्ड फाइल राहून जाते, तर कधी कृतीच्या सातव्या पायरीत ‘नेहमीप्रमाणे करावे’ एवढेच लिहिलेले सापडते आणि ते नेहमीचे काय, हे माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

डेटाबेस उघडला म्हणजे सराव संपला असे आम्ही मानत नाही. बँकेच्या बाबतीत सुदैवाने एक उत्तम कसोटी आयती मिळते, ती म्हणजे तेरीज, सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा. रिस्टोअर झालेल्या डेटाबेसवर आदल्या कामाच्या दिवसाचे तेरीज पत्रक काढायचे आणि बँकेने त्या संध्याकाळी सही करून ठेवलेल्या कागदाशी ते पैशापर्यंत ताडून पाहायचे. जमा आणि नावे जुळले, प्रत्येक शाखेची रोख शिल्लक जुळली, की मग सरावाच्या नोंदवहीत सही होते. ही कसोटी बँकेच्या लेखापालालाही कळते, त्यामुळे ‘बॅकअप व्यवस्थित आहे’ या माझ्या शब्दावर त्याला विसंबून राहावे लागत नाही.

या शिस्तीची गरज कुणाला पटत नसेल, तर मी प्रोग्रामरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीची गोष्ट सांगते. ती त्या कंपनीने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केलेली असल्यामुळे ऐकीव नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या पोस्टग्रेसच्या मुख्य सर्व्हरवर भार वाढला आणि दुय्यम सर्व्हर इतका मागे पडला, की त्याला पुढे येण्यासाठी लागणारे लॉग मुख्य सर्व्हरवरून पुसले गेले होते. दुय्यम प्रत नव्याने घ्यायची म्हणून एक अभियंता उशिरापर्यंत खटपट करत होता. प्रत घेणारी आज्ञा काहीही न बोलता नुसती थांबून राहत होती. प्रत्यक्षात ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत होती, पण पडद्यावर तसे काही दिसत नव्हते. जुन्या अर्धवट फाइलींमुळे ती अडत असावी असे वाटून त्याने दुय्यम सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसायचे ठरवले आणि ती आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. चूक एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते.

इथपर्यंतचा भाग सगळ्यांना आठवतो, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते यापुढचे आहे. रोजचा बॅकअप घेणारी आज्ञा पोस्टग्रेस ९.२ ची होती आणि डेटाबेस ९.६ चा होता, त्यामुळे ती आज्ञा रोज अपयशी होत होती आणि बॅकअपची जागा रिकामीच होती. अपयशाची ईमेल जात होती, पण ती योग्य रीतीने स्वाक्षरित नसल्यामुळे स्वीकारणारा सर्व्हर ती नाकारत होता. डिस्कचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या प्रती, इतर सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी नव्हते. शेवटी उपयोगी पडला तो एका अभियंत्याने साधारण सहा तास आधी, चाचणीच्या वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. तो संथ डिस्कवरून उतरवायला अठरा तासांच्या घरात वेळ गेला आणि मधल्या तासांतले सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या व ७०० नवी खाती कायमची गेली. बॅकअपचे इतके मार्ग कागदावर असताना त्यांतल्या एकाही मार्गाने कुणी परत येऊन पाहिलेले नव्हते.

गिटलॅबचे कौतुक एवढ्यासाठी, की दुरुस्तीची टिपणे त्यांनी सर्वांना खुली ठेवली, काम चालू असताना ते यूट्यूबवर थेट दाखवले आणि नंतरच्या अहवालात दोष व्यक्तीवर न ढकलता पद्धतीवर ठेवला. त्यांच्या सुधारणांच्या यादीत एक अगदी साधी गोष्ट होती: आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे टर्मिनलच्या ओळीवरूनच ठळक दिसावे. आमच्याकडे प्रॉडक्शनची, म्हणजे प्रत्यक्ष चालू सर्व्हरची, खिडकी लाल असते. हा उपाय पोरकट वाटतो, पण रात्री दोन वाजता डोळ्यांना रंग लवकर कळतो आणि नाव उशिरा.

स्टँडबाय आहे, मग बॅकअपची एवढी काळजी कशाला, असाही प्रश्न येतो. स्टँडबाय डेटाबेस मुख्य डेटाबेसची हुबेहूब नक्कल करतो आणि चुकीने पुसलेल्या ओळीही तो तितक्याच तत्परतेने पुसतो. सर्व्हर जळाला तर स्टँडबाय कामाला येतो; माणूस चुकला तर येत नाही. त्यासाठी काही तास मुद्दाम मागे ठेवलेला आणखी एक स्टँडबाय चालवता येतो. ती सोय ओरॅकल, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या तिघांतही आहे, फक्त आणखी एका मशीनचा खर्च मंजूर करून घ्यावा लागतो.

मोठ्या आपत्तींपेक्षा रोजच्या बारीकसारीक बदलांत ही शिस्त जास्त कामाला येते, कारण तिथे ती सहज सुटते. कोणती कृती उलटवता येते आणि कोणती नाही, हे प्रत्येक डेटाबेसचे वेगळे असते आणि ते पाठ असावेच लागते. पोस्टग्रेसमध्ये टेबलची रचना बदलणारी आज्ञा व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) आत देता येते आणि पटले नाही तर रोलबॅक करता येते. ओरॅकलमध्ये तीच आज्ञा आधी आणि नंतर आपोआप कमिट करते, म्हणजे बदल पक्के करते, त्यामुळे तिच्या अगोदर केलेले अपडेटही कायम होऊन बसतात. ओरॅकलमध्ये ड्रॉप केलेले, म्हणजे काढून टाकलेले, टेबल रिसायकल बिनमधून परत येऊ शकते, ट्रंकेट केलेले, म्हणजे आतून रिकामे केलेले, मात्र येत नाही. एका डेटाबेसवर वाढलेला माणूस दुसऱ्यावर गेला, की तो इथेच अडखळतो. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये अटीशिवाय दिलेले अपडेट आणि डिलीट नाकारणारा एक पर्याय आहे आणि त्याचे दुसरे अधिकृत नाव ‘आय ॲम अ डमी’ असे आहे. मी तो पर्याय अभिमानाने चालू ठेवते.

इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची, काढून टाकण्याचेच उदाहरण घ्या. एखादा इंडेक्स महिनोन्‌महिने कुणी वापरलेला दिसत नाही, तो जागा खातो, प्रत्येक नोंदीला थोडा वेळ वाढवतो, म्हणून तो काढावा असे अगदी तर्कशुद्ध निवेदन येते. पण बँकेत काही कामे तिमाहीला होतात आणि काही फक्त मार्चअखेरीस. ठेवींवरच्या व्याजाच्या टीडीएसचा अहवाल त्याच इंडेक्सवर चालत असला, तर त्याची आठवण सगळ्यात गर्दीच्या दिवशी होते, आणि कोट्यवधी ओळींवर तो इंडेक्स नव्याने बांधायला त्या दिवशी वेळ नसतो. ओरॅकलमध्ये ११जी पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून इंडेक्स अदृश्य करून ठेवता येतो. आतून तो अद्ययावत होत राहतो, डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचा (क्वेरींचा) मार्ग ठरवणारा ऑप्टिमायझर मात्र त्याच्याकडे पाहत नाही आणि गरज पडली तर एका आज्ञेत तो परत दिसू लागतो. आम्ही अदृश्य केलेला इंडेक्स पूर्ण आर्थिक वर्ष तसाच ठेवतो. तेवढे वर्षभर तो जागा खातो हे खरे आहे, पण जागा विकत मिळते. टेबलांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा: आधी नाव बदलावे, कुणी ओरडते का पाहावे आणि मग ड्रॉप करावे.

पोस्टग्रेसवर रचनेत बदल करताना आम्ही आणखी एक काळजी घेतो. टेबलला स्तंभ जोडणे क्षणाचे काम असते, पण त्यासाठी त्या टेबलवर पूर्ण लॉक लागतो, म्हणजे तेवढा वेळ ते दुसऱ्या कुणालाही वापरता येत नाही. कुणाचा तरी लांबलेला अहवाल ते टेबल वाचत बसला असेल, तर आपली आज्ञा त्याच्या मागे रांगेत उभी राहते आणि आपल्या मागे येणारा प्रत्येक साधा प्रश्नही खोळंबतो. मिनिटभरात शाखांचे फोन सुरू होतात, ‘मॅडम, सिस्टीम हँग झाली आहे.’ म्हणून आज्ञेच्या आधी लॉकसाठी थांबण्याची मर्यादा दोनतीन सेकंद ठरवून द्यावी. तेवढ्यात लॉक मिळाला नाही तर आज्ञेने निमूट माघार घ्यावी आणि आपण थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्या संस्थांमध्ये एक अडचण अशी येते, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. एका पतसंस्थेत ‘कुऱ्हाडे’ आडनावाचे काही सभासद नावाने शोधले तर सापडत आणि काही सापडत नसत, वास्तविक पडद्यावर दोन्ही नावे अगदी एकसारखी दिसत होती. आतले संकेत काढून पाहिल्यावर उलगडा झाला. ऱ्ह मधला तो आडवा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलंत असतो, तर दुसरीत साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा, शून्य रुंदीचा एक जोडणारा संकेत असतो. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो आणि तो जोडणारा संकेतही तीनच घेतो, त्यामुळे पहिल्या तऱ्हेचे ‘कुऱ्हाडे’ २४ बाइटचे आणि दुसऱ्या तऱ्हेचे २७ बाइटचे. डेटाबेसच्या लेखी ही दोन वेगळी आडनावे झाली. युनिकोडचे जे प्रमाणित सामान्यीकरण आहे, तेही या दोघांना एक करत नाही.

आमच्या चमूतल्या एका हुशार मुलाने तासाभरात उपाय लिहून आणला: सगळ्या नावांतले न दिसणारे संकेत एका अपडेटने काढून टाकायचे. तो चालवला असता तर दुसऱ्या तऱ्हेचे प्रत्येक ‘कुऱ्हाडे’ रफार चढून ‘कुर्हाडे’ झाले असते, आणि आधी कोणते नाव कसे होते हे सांगणारी कोणतीही खूण मागे उरली नसती. सभासदाचे नाव हे केवायसीच्या कागदाशी बांधलेले असते, त्याला हात लावायचा नाही, असे ठरवून आम्ही शोधासाठी वेगळा स्तंभ केला. दुसऱ्या तऱ्हेचे पहिल्या तऱ्हेत नीट रूपांतर करून ते त्या स्तंभात भरले जाते आणि मूळ नोंद जशीच्या तशी राहते. शोधाचा नियम उद्या चुकीचा ठरला तर तो स्तंभ पुसून नव्याने भरता येतो. याच बाइटच्या हिशेबामुळे, ओरॅकलमध्ये नावाचा स्तंभ पन्नासचा ठेवताना ती लांबी बाइटमध्ये मोजली जाते की अक्षरांमध्ये, हे पहिल्याच दिवशी तपासावे; बाइटमध्ये असेल तर देवनागरीचे जेमतेम सोळा संकेत त्यात मावतात आणि ‘ज्ञानेश्वर’ लिहितानाच त्यांतले दहा संपतात.

आता या नोकरीच्या रात्रीविषयी. मी या क्षेत्रात आले तेव्हा शाखा बंद झाल्यावर दिवसअखेरची प्रक्रिया होई आणि त्यानंतर पहाटेपर्यंत डेटाबेस आमच्या ताब्यात असे. बचत खात्याचे व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ती प्रक्रिया जड झाली, तरी रात्र आमचीच होती. त्याच वर्षी आयएमपीएस आली, २०१६ मध्ये यूपीआय आले, १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास सुरू झाली. खातेदाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली, पण डीबीएच्या हातातली निवांत रात्र त्यामुळे कायमची गेली. आता देखभालीची मुदत तासात नव्हे, मिनिटांत मिळते, आणि तीही बँकेकडून लेखी मागून घ्यावी लागते. साहजिकच सगळी कामे डेटाबेस चालू ठेवून करायची पाळी येते आणि अशा कामांचे स्वतःचे फटके असतात. पोस्टग्रेसमध्ये चालू डेटाबेसवर इंडेक्स बांधणारी आज्ञा मध्येच फसली, तर एक अवैध इंडेक्स मागे ठेवून जाते. तो शोधून काढून टाकणे हेही त्या कामातच धरावे लागते.

रात्रीचा फोन आमच्याकडे पाळीने येतो. बहुतेक फोन अगदी सामान्य कारणांचे असतात: आर्काइव्ह लॉगची जागा भरली, ओआरए-००२५७ हा त्रुटीचा संदेश आला आणि ओरॅकलने नवे व्यवहार थांबवले, किंवा कुणीतरी संध्याकाळी एक सत्र कमिट न करता उघडे टाकून घरी निघून गेला आणि त्याच्या लॉकखाली अर्धी बँक अडकली. अशा वेळी झोपेतून उठलेल्या माणसाने विचार करून मार्ग काढावा ही अपेक्षाच चुकीची आहे. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी टँडेम या संगणक कंपनीच्या यंत्रणा का बंद पडतात याचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ४२ टक्के बिघाडांच्या मुळाशी यंत्रणा सांभाळणाऱ्यांची कामे, म्हणजे चालवणे, मांडणी आणि देखभाल, असे आढळले होते. टँडेमची यंत्रे बंद पडू नयेत म्हणूनच बनवलेली होती, हे लक्षात घेतले तर तो आकडा अधिक बोलका वाटतो. म्हणून आमच्या कृतिपुस्तिकेत प्रत्येक पायरीसमोर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: पडद्यावर काय दिसले तर पुढे जायचे, आणि काय दिसले तर हात न लावता दुसऱ्या माणसाला उठवायचे. दुसऱ्याला उठवल्याबद्दल आमच्याकडे कुणालाही कधी बोलणी खावी लागत नाहीत. हा नियम माझ्या आग्रहावरून झाला आणि तो टिकवण्यासाठी मला वेळोवेळी भांडावेही लागले आहे.

याच कारणासाठी माझे रोजचे लॉगिन फक्त वाचण्यापुरते आहे. सर्वाधिकार असलेले खाते वेगळे आहे. ते मुदतीपुरते उघडते, त्यावरची प्रत्येक आज्ञा नोंदली जाते आणि ती नोंद मला पुसता येत नाही. काही जणांना हा अविश्वास वाटतो. मला त्यात माझीच सोय दिसते, कारण काही गडबड झाली तर मी काय केले नाही, हे सिद्ध करायला पुरावा तयार असतो. शिवाय सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते, तेव्हा या नोंदी हव्याच.

परतीच्या वाटेचा माझा नियम एका ठिकाणी मात्र लंगडा पडतो. एकदा बाहेर गेलेली माहिती कोणत्याही बॅकअपने परत आणता येत नाही. ही गळती प्रॉडक्शनपेक्षा टेस्टच्या डेटाबेसमधून होण्याची भीती मला जास्त वाटते, कारण तिथे खऱ्या डेटाबेसची प्रत असते, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो आणि पहारा कुणाचाच नसतो. ‘खऱ्या माहितीशिवाय चाचणी नीट होत नाही’ हे डेव्हलपरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्यांना खऱ्या माहितीचा आकार आणि विस्कळीतपणा हवा असतो, खातेदाराचा खरा मोबाइल क्रमांक नको असतो. म्हणून प्रत देण्याआधी नाव, मोबाइल, पॅन आणि आधार क्रमांक बदलणारी प्रक्रिया आम्ही सक्तीची केली आहे आणि ती चालल्याशिवाय प्रत कुणाच्याही हाती जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे वाक्य बैठकीत एकदा मोठ्याने वाचले, की या प्रक्रियेला लागणाऱ्या वेळाबद्दल पुन्हा कुणी तक्रार करत नाही.

क्लाउड आल्यावर डीबीएची गरज संपेल, असे ॲमेझॉनने २००९ मध्ये आरडीएस ही क्लाउडवरची डेटाबेस सेवा आणली तेव्हापासून ऐकते आहे. कामाचा एक कंटाळवाणा भाग त्याने खरोखरच उचलला आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पॅच लावणे, डिस्क वाढवणे आणि बॅकअपची वेळापत्रके सांभाळणे यात माझे मन कधीच रमले नव्हते. पण तिथेही परतीची वाट वाचून घ्यावी लागते. आरडीएसचे स्वयंचलित बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात, आणि डेटाबेस काढून टाकताना ते राखण्याचा पर्याय निवडला नाही तर तेही त्याच्याबरोबर जातात. एखाद्या क्षणापर्यंतचा डेटाबेस परत मागितला तर तो जुन्याच्या जागी येत नाही. नवा डेटाबेस नव्या पत्त्यावर उभा राहतो. तो पत्ता ॲप्लिकेशनमध्ये, रिपोर्ट सर्व्हरवर, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेत आणि कुण्या लेखापरीक्षकाच्या एक्सेलमध्ये, असा नेमका कुठे कुठे लिहिलेला आहे, याची यादी आमच्या एका नव्या ग्राहकाकडे तयार नव्हती. ती बनवायला घेतली आहे, आणि पुढच्या सरावात रिस्टोअर झाल्यावर त्या प्रत्येक जागी पत्ता बदलायला किती मिनिटे लागतात, तेही घड्याळ लावून मोजायचे ठरले आहे.